भग्नावशेषाचे आसन : ‘कापितेल्लो’ आणि समकालीन फर्निचर-रचनेतील प्राचीनतेचा प्रश्न

प्रस्तावना

प्राचीन वास्तूंचे भग्नावशेष ही युरोपीय कलाविचारातील एक जुनी आणि पुन्हा पुन्हा उजळणारी प्रेरणा आहे. चित्रकला, काव्य, उद्यानरचना आणि वास्तुकला या क्षेत्रांत तिचा प्रभाव ठळकपणे दिसून येतो. दैनंदिन वापराच्या वस्तूंमध्ये, विशेषतः फर्निचरमध्ये, या प्रेरणेने घेतलेले रूप मात्र पुष्कळदा ‘सजावट’ या सदरात टाकून मोकळे होण्याची प्रवृत्ती आढळते. खुर्ची ही बसण्यासाठी असते, तिच्याकडे समीक्षेने गांभीर्याने का पाहावे, असा समज त्यामागे असावा. परंतु माणूस चित्राकडे अंतरावरून पाहतो आणि खुर्चीवर आपल्या शरीराचा भार टाकतो. त्यामुळे भूतकाळाशी असलेले समाजाचे नाते चित्रापेक्षा खुर्चीत अधिक उघडे पडण्याची शक्यता असते.

प्रस्तुत लेखात इटलीतील ट्युरिन येथील ‘स्टुडिओ ६५’ या वास्तुरचनाकारांच्या गटाने १९७१ मध्ये रचलेल्या आणि ‘गुफ्राम’ या कंपनीने उत्पादित केलेल्या ‘कापितेल्लो’ या आसनाचा मध्यवर्ती उदाहरण म्हणून विचार केला आहे. ‘कापितेल्लो’ या इटालियन शब्दाचा अर्थ स्तंभशीर्ष असा होतो. भग्नावशेषापासून प्रेरणा घेणाऱ्या फर्निचरचे मूल्य मूळ अवशेषाशी असलेल्या साम्यावरून ठरत नाही. आपण अवशेष नाही याची कबुली ती वस्तू कितपत देते, यावरून ते ठरते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. भग्नावशेष : संकल्पना

पडके घर आणि भग्नावशेष यांत फरक आहे. जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिलेल्या ‘भग्नावशेष’ या निबंधात या फरकाची मीमांसा केली आहे. त्यांच्या मते वास्तू हा मानवी संकल्पाची वर जाण्याची ओढ आणि द्रव्याची खाली येण्याची ओढ यांच्यातील समतोल असतो. वास्तू ढासळू लागते तेव्हा निसर्ग आपला वाटा परत घेतो. परंतु उरलेल्या रूपात निसर्ग आणि मानवी कृती यांची एक नवी एकात्मता सिद्ध होते. केवळ ढिगारा उरला तर ती एकात्मता राहत नाही. म्हणजेच भग्नावशेष हे नाशाचे आणि टिकून राहण्याचे एकाच वेळी दर्शन होय.

ऑस्ट्रियन कलेतिहासकार आलोइस रीग्ल यांनी १९०३ मध्ये स्मारकांविषयी केलेली मांडणी येथे उपयुक्त ठरते. त्यांनी ‘ऐतिहासिक मूल्य’ आणि ‘प्राचीनतामूल्य’ असा भेद केला. ऐतिहासिक मूल्य जाणण्यासाठी ज्ञान लागते. प्राचीनतामूल्य मात्र झीज, रंग उडणे, कडा बोथट होणे यांसारख्या कालखुणांतून सामान्य माणसालाही थेट जाणवते.

या दोन मांडण्यांच्या आधारे भग्नावशेषाची तीन लक्षणे सांगता येतात : अपूर्णता, कालखुणा आणि उपयोगाचा लोप. यांपैकी प्रत्येक लक्षण फर्निचरच्या प्रयोजनाला छेद देणारे आहे. खुर्ची पूर्ण असावी लागते, विकत घेताना ती नवी असते आणि उपयोग हेच तिच्या अस्तित्वाचे कारण असते. त्यामुळे भग्नावशेषापासून फर्निचर घडवणाऱ्या रचनाकाराला या तिन्ही विसंगतींना सामोरे जावे लागते. त्या तो झाकतो, सौम्य करतो की उघड करतो, हा समीक्षेचा खरा प्रश्न ठरतो.

२. पूर्वपीठिका : अवशेषांकडून घराकडे

हर्क्युलेनियम येथील उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेई येथील १७४८ मध्ये सुरू झाले. तोवर प्राचीन रोम हे मंदिरे, विजयतोरणे आणि शिलालेख यांचे जग होते. या उत्खननांमुळे तिवया, दिवे, पलंग आणि भांडी असलेले घरगुती रोम प्रथमच विस्ताराने समोर आले. यातून युरोपात नवअभिजात रुचीला बळ मिळाले. इंग्लंडमध्ये थॉमस होप यांनी १८०७ मध्ये घरगुती फर्निचर आणि अंतर्गत सजावट या विषयावर आपल्या रचनांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेरच्या बाजूस वळलेल्या पायांची ‘क्लिस्मॉस’ ही ग्रीक खुर्ची कलशचित्रे आणि उत्थित शिल्पे यांच्या आधारे याच काळात पुन्हा घडवली जाऊ लागली.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. नवअभिजात रचनाकार प्राचीन खुर्चीवरून नवी खुर्ची घडवत होते. भग्नावशेष ही त्यांच्या दृष्टीने माहितीची खाण होती. त्या खाणीतून मिळालेले रूप ते दुरुस्त करून, पूर्ण करून वापरत. भग्नता हा त्या रूपाचा आशय नव्हता.

जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) यांचे कार्य या संदर्भात अधिक गुंतागुंतीचे आहे. रोमच्या अवशेषांची त्यांची कोरीव मुद्राचित्रे सर्वपरिचित आहेत. १७६९ मध्ये त्यांनी अग्निकुंडांच्या सजावटीचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यात फर्निचरच्या रचनाही आहेत आणि त्यांत इजिप्शियन, एट्रुस्कन व ग्रीक घटकांचे मुक्त मिश्रण आढळते. याखेरीज उत्खननात मिळालेले संगमरवरी तुकडे जोडून भव्य कलश आणि दीपस्तंभ तयार करण्याचा व्यवसायही पिरानेसी करीत. टिव्होली येथील सम्राट हेड्रियनच्या प्रासादपरिसरात सापडलेल्या तुकड्यांतून घडवलेला असा एक कलश लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या वस्तूंत जुना तुकडा कोठे संपतो आणि नवे कोरीवकाम कोठे सुरू होते, हे सहज कळत नाही. भग्नावशेष येथे घरात आला खरा, परंतु भग्नता दाराबाहेर ठेवून आला.

विसाव्या शतकात प्येरो फोर्नासेत्ती यांनी याच परंपरेला वेगळे वळण दिले. जिओ पोन्ती यांच्या सहकार्याने घडवलेले त्यांचे १९५१ चे ‘आर्कितेत्तुरा’ हे कपाट काळ्या-पांढऱ्या वास्तुचित्रांनी मढवलेले आहे. पोन्ती यांचा साधा, सरळ रेषांचा सांगाडा आणि त्यावर पसरलेल्या कमानी व दालने यांतील विसंगती गमतीदार आहे. तथापि येथे वास्तू पृष्ठभागावरच राहते. कपाटाचे दार उघडले की भिंत दुभंगते, एवढाच तिचा वापराशी संबंध.

३. ‘कापितेल्लो’ : काळ आणि स्थळ

१९६६ च्या डिसेंबरमध्ये पिस्तोइया येथे ‘सुपरआर्कितेत्तुरा’ हे प्रदर्शन भरले. ‘आर्किझूम’ आणि ‘सुपरस्टुडिओ’ या दोन गटांच्या या प्रदर्शनापासून इटलीतील ‘रॅडिकल’ रचनाचळवळीचा प्रारंभ मानला जातो. सुबक, उपयुक्त आणि ‘सुरुचिपूर्ण’ आधुनिक वस्तू हे मध्यमवर्गीय समाधानाचे साधन बनले आहे, अशी या तरुण रचनाकारांची टीका होती. ट्युरिन हे मोटार उद्योगाचे शहर. १९६९ च्या शरद ऋतूत तेथे कामगारांचे मोठे संप झाले. ‘स्टुडिओ ६५’ हा गट याच शहरात १९६५ मध्ये फ्रांको आउद्रितो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केला होता.

‘गुफ्राम’ ही कंपनीही ट्युरिन परिसरातीलच. पॉलियुरेथेन फोम या त्या काळी नव्या असलेल्या द्रव्याचा तिने धाडसी उपयोग केला. फोम कोणत्याही आकारात ओतता येतो. त्याला लाकडी सांगाडा, स्प्रिंगा किंवा कापडी अभ्रा लागत नाही. प्येरो जिलार्दी यांची दगडगोट्यांच्या आकाराची ‘सास्सी’ ही आसने याच कंपनीने १९६७ मध्ये काढली. ‘स्टुडिओ ६५’ ने १९७० मध्ये ओठांच्या आकाराचा ‘बोक्का’ हा सोफा, १९७१ मध्ये ‘कापितेल्लो’ आणि १९७२ मध्ये स्तंभाच्या खोडाची आठवण करून देणारे ‘आत्तिका’ हे आसन रचले. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’मध्ये एमिलिओ अंबाझ यांनी इटालियन गृहरचनेवर गाजलेले प्रदर्शन भरवले, ते वर्षही १९७२ हेच होते.

४. रूप, द्रव्य आणि विरोधाभास

‘कापितेल्लो’ हे आयोनिक शैलीतील पांढऱ्या स्तंभशीर्षाच्या रूपाचे आसन आहे. शंखाच्या वळशांसारखी वलये हे या शैलीचे ठळक लक्षण. येथे ते शीर्ष स्तंभावरून निखळून जमिनीवर तिरके पडल्यासारखे दिसते आणि त्या तिरकेपणामुळेच त्यावर रेलून बसता येते. फोमवर ‘गुफ्लॅक’ या कंपनीच्या खास लेपाचा थर दिलेला असतो. दुरून पाहणाऱ्याला संगमरवराचा भास होतो; हात लावताच तो भास नाहीसा होतो.

पहिल्या विभागात सांगितलेल्या तीन लक्षणांच्या आधारे या रूपाची तपासणी करता येईल.

अपूर्णतेच्या बाबतीत ‘कापितेल्लो’ काहीही झाकत नाही. पिरानेसींनी तुकडे जोडून पूर्ण कलश केला. येथे स्तंभाचा एकच तुकडा तुकडा म्हणूनच समोर ठेवलेला आहे. आसन म्हणून मात्र तो पूर्ण आहे. वास्तूच्या दृष्टीने अपूर्ण आणि वस्तूच्या दृष्टीने पूर्ण अशी ही दुहेरी अवस्था या रचनेचा गाभा होय.

कालखुणांच्या बाबतीत ही रचना विशेष संयमी आहे. तिच्यावर खोट्या भेगा, शेवाळ किंवा डाग नाहीत. ती भग्न असल्याचे केवळ तिच्या पडण्याच्या ढबीवरून कळते. रीग्ल यांच्या परिभाषेत सांगायचे तर ती प्राचीनतामूल्याचा दावाच करत नाही.

उपयोगाच्या लोपाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. स्तंभशीर्ष हा दागिना नव्हे. वरच्या तुळईचा भार विस्तृत पृष्ठावर घेऊन तो स्तंभात उतरवणे हे त्याचे काम. वास्तू कोसळल्यावर हे काम संपते. ‘कापितेल्लो’मध्ये स्तंभशीर्षाला ते काम परत मिळते, फक्त तुळईच्या जागी माणसाचे शरीर येते. दगडी शीर्ष भार घेताना वाकत नाही. हे शीर्ष दबते आणि माणूस उठला की पुन्हा पूर्ववत होते. मान वर करून पाहायची गोष्ट कमरेच्या पातळीवर येते. भव्यतेपुढे नम्र होण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला ती बसायला सांगते. या कृतीत उपहास आहे, तसेच आपुलकीही आहे, कारण ज्याच्यावर माणूस निर्धास्तपणे रेलतो त्याचा तो पूर्ण तिरस्कार करू शकत नाही.

५. आक्षेपांचा विचार

‘कापितेल्लो’वर घेता येणारा पहिला आक्षेप असा की, उदात्त द्रव्याची स्वस्त द्रव्यात केलेली ही नक्कल असून ती ‘किच’ या सदरात मोडते. क्लेमेंट ग्रीनबर्ग यांनी १९३९ मध्ये अग्रेसर कला आणि किच यांच्यातील भेद मांडला, तेव्हापासून हा शब्द समीक्षेत शिक्का म्हणून वापरला जातो. परंतु किचचे लक्षण अस्सल आणि नक्कल यांच्यातील अंतर लपवणे हे असते. येथे ते अंतर वापरणाऱ्याच्या शरीरालाच प्रत्येक वेळी जाणवते. जी नक्कल स्पर्शाच्या पहिल्याच क्षणी स्वतःला उघडी पाडते, तिला फसवणूक म्हणणे योग्य होणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्राहकसंस्कृतीवर टीका करणारी ही वस्तू त्याच संस्कृतीचे उत्पादन होती. खनिज तेलावर आधारलेल्या रसायनोद्योगाशिवाय ती घडणे शक्य नव्हते आणि संपाच्या शहरातील कामगाराच्या घरात ती पोचली असेल अशी शक्यता कमी. पुढे संग्रहालये आणि लिलावगृहे यांनी तिला ‘अभिजात’ ठरवले. स्मारकांना हसणारी खुर्ची स्वतःच स्मारक झाली. हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र त्यामुळे रचनेतील विचार खोटा ठरत नाही. तो कोणाच्या हाती गेला, एवढेच सिद्ध होते.

तिसरा मुद्दा भारतीय, विशेषतः मराठी वाचकाच्या दृष्टिकोनाचा आहे. ग्रीक स्तंभ या वाचकाला अथेन्समध्ये भेटलेला नाही. मुंबईचा टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. एशियाटिक सोसायटीची ही वास्तू आपल्या डोरिक स्तंभांसह आजही उभी आहे. न्यायालये, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या दर्शनी भागांतून हा स्तंभ येथे आला तो राज्यसत्तेची भाषा बनून. त्यामुळे त्या स्तंभाचे शीर्ष खाली पडलेले आणि मऊ झालेले पाहताना युरोपीय प्रेक्षकाला वारशाची थट्टा दिसेल, तर या वाचकाला त्यात सत्तेच्या पोशाखाची थट्टाही दिसू शकते. दुसरीकडे, खंडित मूर्ती देव्हाऱ्यात न ठेवता तिचे विसर्जन करण्याचा आपल्याकडील संकेत भग्न वस्तूला घरात जागा नाकारतो. तुटलेल्या गोष्टीचे सौंदर्य न्याहाळत बसण्यापेक्षा तिला निरोप देणे हा त्यामागील भाव आहे. भग्नावशेषाचा मोह ही सार्वत्रिक मानवी प्रवृत्ती नसून एका विशिष्ट संस्कृतीची घडण आहे, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

६. उद्धृतापासून अलंकरणाकडे

१९८० च्या व्हेनिस द्वैवार्षिकात पाओलो पोर्तोगेसी यांच्या संकल्पनेनुसार ‘स्त्रादा नोव्हिस्सिमा’ ही दर्शनी भागांची एक गल्ली उभारण्यात आली. तीत हान्स होलाइन यांनी स्तंभांची रांग मांडली. तिच्यातील एक स्तंभ खालच्या बाजूने कापून वरून लटकता ठेवला होता आणि त्याखालूनच प्रवेश होता. स्तंभ आणि भार यांचे नाते उलटे करून दाखवणारी ही मांडणी ‘कापितेल्लो’च्या जवळची आहे. परंतु त्यानंतरच्या काळात उत्तर-आधुनिक शैलीचा प्रसार झाला आणि कमानी, त्रिकोणी शिखरे, तुटके स्तंभ हे उद्धृत करण्याचे तयार साहित्य बनले. विचार मागे पडला आणि आकार उरला.

आज अंतर्गत सजावटीच्या बाजारात स्तंभाच्या तुकड्याच्या आकाराचे काच-टेबल किंवा कडा मुद्दाम ठेचलेले रेझिनचे आसन विपुल प्रमाणात आढळते. या वस्तूंवर कृत्रिम भेगा असतात. मातकट रंगाचा लेप देऊन त्यांना वय चढवलेले असते. ‘कापितेल्लो’ने जो दावा टाळला, नेमका तोच दावा त्या करतात. त्यांच्यातून भूतकाळाविषयी कोणताही प्रश्न उपस्थित होत नाही. भूतकाळाची आयती छटा मात्र दिवाणखान्याला लाभते. न घडलेल्या झिजेची खूण ही दृश्य भाषेतील खोटी साक्ष होय.

अमेरिकन कलावंत डॅनियल आर्शम यांच्या ‘काल्पनिक पुरातत्त्व’ या संकल्पनेवरील शिल्पांचा येथे तुलनेसाठी उल्लेख करता येईल. कॅमेरा, टेलिफोन यांसारख्या अलीकडच्या वस्तू ते ज्वालामुखीची राख किंवा स्फटिक यांत घडवतात आणि त्या झिजलेल्या स्थितीत दाखवतात. त्यांतील झीजही कृत्रिमच आहे. तथापि ती भूतकाळाविषयी खोटे बोलत नाही. ती वर्तमानाच्या भविष्याविषयी एक अनुमान मांडते. म्हणून कृत्रिम झीज सरसकट त्याज्य ठरत नाही. ती कोणता दावा करते, हे पाहणे आवश्यक ठरते.

७. द्रव्याचे वय

‘कापितेल्लो’च्या रचनेला पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत. या काळात तिच्या द्रव्याने एक अनपेक्षित भाष्य केले आहे. पॉलियुरेथेन फोम दीर्घायुषी नसतो. त्याचा पॉलिइथर प्रकार प्रकाश आणि प्राणवायू यांच्या परिणामाने पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. पॉलिएस्टर प्रकाराचे आर्द्रतेमुळे विघटन होते. विसाव्या शतकातील फोमच्या वस्तूंचे जतन हा संग्रहालयांपुढील एक अवघड प्रश्न आहे. अथेन्सच्या इरेक्थियॉन मंदिराची आयोनिक शीर्षे ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरची आहेत. चोवीसशे वर्षे टिकलेल्या रूपाची काही दशकांत जीर्ण होणारी ही आवृत्ती आहे.

यातून संग्राहकापुढे पेच उभा राहतो. जुन्या आसनाचा फोम आणि लेप बदलला तर ते पुन्हा बसण्याजोगे होते, परंतु मूळ वस्तू उरत नाही. मूळ द्रव्य जपायचे तर प्रकाश कमी ठेवावा लागतो आणि कोणालाही बसू देता येत नाही. दुसरा मार्ग स्वीकारला की आसनाचा उपयोग संपतो. स्तंभशीर्षाला १९७१ मध्ये परत मिळालेले काम पुन्हा काढून घेतले जाते. अपूर्णता, कालखुणा आणि उपयोगाचा लोप ही तिन्ही लक्षणे आता त्याच्यात खरोखरीच एकत्र येतात. ज्याने कधी प्राचीनतेचे सोंग घेतले नाही, ते आसन आपल्या आयुष्यक्रमाने भग्नावशेष होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. भग्नावशेषापासून प्रेरित फर्निचरचा विचार केवळ शैलीच्या अंगाने करणे अपुरे आहे. अपूर्णता, कालखुणा आणि उपयोग यांविषयी वस्तू कोणती भूमिका घेते, हे तपासावे लागते. नवअभिजात रचनाकारांनी भग्नता दुरुस्त केली, पिरानेसींनी ती सांध्यात लपवली आणि फोर्नासेत्ती यांनी वास्तूला चित्रात रूपांतरित केले. ‘कापितेल्लो’ने ती उघडपणे स्वीकारली आणि भार घेण्याचे स्तंभशीर्षाचे मूळ काम माणसाच्या शरीराच्या मापात पुन्हा सुरू केले. बाजारातील नंतरच्या अनुकरणांनी रूप घेतले, पण ही प्रामाणिकता घेतली नाही.

‘कापितेल्लो’ बाजाराच्या चौकटीबाहेर पडू शकले नाही, ही त्याची मर्यादा आहे. तरीही प्राचीन वारशापुढे केवळ नतमस्तक होणे किंवा त्याची केवळ विक्री करणे यांखेरीज तिसरा मार्ग संभवतो, हे त्याने दाखवून दिले. वारशावर विसावावे, त्याला आपला भार द्यावा आणि तो दगडाचा नाही हे विसरू नये, असा तो मार्ग आहे. आज संग्रहालयाच्या मंद प्रकाशात हे आसन जपले जाते तेव्हा त्यावर कोणी बसत नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्याला मात्र एका पडलेल्या स्तंभाइतकेच, तो स्तंभ मऊ करून पाहणाऱ्या एका पिढीच्या सरलेल्या काळाचेही दर्शन घडते.